पंधरावी ओळ : पुश्किनच्या ‘जाळलेल्या पत्रा’विषयी

सात-आठ वर्षांपूर्वी मी अलेक्सांद्र पुश्किनच्या एका छोट्या कवितेचा मराठी अनुवाद केला होता. कविता 1825 सालची, पंधरा ओळींची. विषय एका वाक्यात सांगता येण्याजोगा : एक माणूस एक जुनं प्रेमपत्र जाळतो. अनुवाद एका दिवाळी अंकासाठी होता. मुद्रितं तपासताना संपादकांनी समासात पेन्सिलीने विचारलं होतं, ‘एक ओळ सुटली आहे का?’ सगळी कविता दोन-दोन ओळींच्या यमकांनी बांधलेली आणि शेवटची ओळ मात्र एकटी. शंका रास्त होती. मला मूळ संहिता पुन्हा उघडून पाहायला हवी होती. मी तसं केलं नाही. अंक छपाईला जायला दोन दिवस होते, आणि ती एकटी ओळ मलाही खटकतच होती. मी एक सोळावी ओळ रचली. यमक जुळलं. तिचा आशय असा काहीसा होता की आग विझली तरी आठवण विझत नाही. अंक निघाला. दोघातिघांनी नेमकी तीच ओळ आवडल्याचं कळवलं.

पुश्किनने ती ओळ लिहिलेली नाही. हा लेख म्हणजे एका अर्थी ती ओळ परत घेण्याचा खटाटोप आहे. पण नुसती चूक कबूल करून भागणार नाही. ती ओळ मला का सुचली, आणि तिने कवितेचं नेमकं काय बिघडवलं, हे शोधताना ही कविता मला पहिल्यांदाच कळली असं वाटतं. ते इथे मांडते.

आधी कवितेत काय घडतं ते. ज्यांच्यापर्यंत ती कुठल्याच भाषेतून पोचलेली नाही त्यांच्यासाठी गद्यात सांगते. बोलणारा माणूस पत्राचा निरोप घेतो. लगेच कारणही सांगतो : तिने तसं सांगितलं आहे. आपण किती दिवस टाळत होतो, आपला सगळा आनंद आगीच्या हवाली करायला हात कसा धजत नव्हता, हेही सांगतो. मग पुरे झालं, वेळ आली, असं म्हणून तो पत्राला जळायला सांगतो. ज्वाळा पानं घेते. तो क्षणभर थांबायला सांगू पाहतो, तोवर पानं पेटलेली असतात. धूर वळत वळत वर जातो आणि त्याच्या प्रार्थनेसकट नाहीसा होतो. पत्रावरची लाख वितळून उकळू लागते, तिच्यावरचा अंगठीचा ठसा मिटतो. झालं, असं तो म्हणतो. काळी पडलेली पानं आक्रसतात आणि त्या हलक्या राखेवर ती जिव्हाळ्याची अक्षरं पांढुरकी होऊन उमटतात. त्याची छाती दाटून येते. शेवटी तो राखेला विनवतो : माझ्या या दुःखी छातीवर कायमची राहा.

इतकंच. कवितेला लागणारा वेळ आणि एक पत्र जळायला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच आहे. मोठ्याने वाचली तर पाऊण मिनिट.

पत्रं जाळण्याच्या कवितेकडून आपली एक ठरलेली अपेक्षा असते. जाळणारा रागावलेला असेल, किंवा फसवला गेलेला. आगीत काहीतरी संपेल आणि त्यातून तो मोकळा होईल. सिल्व्हिया प्लाथची ऑगस्ट 1962मधली याच विषयावरची कविता ही अपेक्षा पूर्ण ताकदीने पुरवते. तिथली बाई दुसऱ्याच्या कागदांना आग लावते, संतापाने, माळ्यावर आता काही उरू नये म्हणून. आणि जळक्या कागदावरचं एक नाव तिच्या पायाशी येऊन पडतं. जे लपवलं होतं ते आगीमुळेच उघड होतं. या कवितेचा एक खर्डा प्लाथने टेड ह्यूजच्या स्वतःच्या हस्तलिखिताच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिला होता, हे कळल्यावर तिचा चटका आणखी वाढतो.

पुश्किनची कविता वाचताना मी नकळत हीच अपेक्षा धरून बसले होते. माझा पहिला अनुवाद हा एका त्यागाच्या प्रसंगाचा अनुवाद होता. माणूस मन घट्ट करतो, जाळतो, आणि राखेत आठवण शोधतो. मूळ कवितेत असा त्याग नाही. जाळायचं हे त्याने ठरवलेलंच नाही.

हे पहिल्याच ओळीत आहे आणि तिथेच मी घसरले. रशियनमधलं क्रियापद आहे ‘व्हेलेला’. भूतकाळ, स्त्रीलिंगी. तिने सांगितलं, आज्ञा दिली, बजावलं. मी त्याचं ‘तिची इच्छा’ असं केलं होतं, कारण आज्ञा हा शब्द मला प्रेमाच्या कवितेत कडक वाटला. इच्छा मोडता येते, तिचा मान राखता येतो, तिच्यावर विचार करता येतो. आज्ञेपुढे हे पर्याय नसतात. मराठीत त्यासाठी भारदस्त शब्द शोधायचीही गरज नव्हती. ‘आईने सांगितलंय’ असं मूल म्हणतं तेव्हा ती माहिती नसते, हुकूम असतो. ‘तिने सांगितलं’ हे दोनच शब्द पुरेसे होते.

दुसरी घसरगुंडी शीर्षकातली. मी शीर्षक दिलं होतं ‘जळालेलं पत्र’. रशियन शीर्षकातलं विशेषण सकर्मक क्रियापदापासून बनलेलं आहे. पत्र आपोआप जळलेलं नाही, कुणीतरी जाळलेलं आहे. जळणे आणि जाळणे हा फरक मराठीत एका काना-मात्रेचा आहे, आणि इंग्रजी अनुवादात तो जवळपास पुसला जातो. मराठीत तो करता येत असताना मी केला नाही. गंमत अशी की कवितेच्या आत मात्र जाळणारा ‘मी’ सतत मागे सरकतो. नकोसं वाटतं ते हाताला. काही ऐकू येत नाही ते मनाला. पत्र स्वीकारते ती ज्वाळा. दाटते ती छाती. शीर्षकात कर्ता आहे, आणि कवितेत तो स्वतःला अवयवांमागे लपवतो. दुसऱ्याच्या हुकुमावरून नको ते करणारा माणूस असाच बोलतो.

तिने असं का सांगितलं? कविता कारण देत नाही. काळ मात्र देतो. पुश्किन 1823-24 मध्ये दक्षिणेला ओदेसात होता, नोव्होरोसियाचे गव्हर्नर-जनरल काउंट व्होरोन्त्सोव्ह यांच्या कचेरीत. 1824च्या उन्हाळ्यात त्याला नोकरीतून काढलं गेलं आणि प्स्कोव्ह प्रांतातल्या मिखाइलोव्स्कोये या घराण्याच्या जमीनदारीत नजरकैदेत पाठवलं गेलं. काढण्याला एक पत्रच निमित्त झालं होतं. नास्तिकतेचे धडे घेतो आहे असं त्याने एका परिचिताला लिहिलं, ते टपालातच फोडून वाचलं गेलं आणि वरपर्यंत पोचलं. ज्या देशात पत्रं अशी फोडली जात, तिथे प्रेमपत्र हा पुरावा असतो, आणि तो लिहिणारीच्या विरोधातला असतो.

ही कविता परंपरेने काउंटेस येलिझावेता व्होरोन्त्सोवा हिच्याशी जोडली जाते. ती त्याच गव्हर्नर-जनरलची पत्नी. पुश्किनच्या बहिणीने सांगितलेली एक आठवण चरित्रकारांनी नोंदवली आहे : ओदेसाहून पत्र यायचं, त्यावरच्या लाखेत पुश्किनच्या अंगठीवर होती तशीच गूढ अक्षरं असायची, आणि ते आलं की तो खोलीत कोंडून घ्यायचा, कुणाला आत येऊ द्यायचा नाही. त्याच्या अंगठीतल्या लालसर खड्यावर हिब्रू अक्षरं कोरलेली होती. त्याच्या मृत्यूनंतर ती हस्ते परहस्ते एका संग्रहालयात पोचली आणि 1917मध्ये तिथून चोरीला गेली.

जाळलेलं पत्र व्होरोन्त्सोवाचंच होतं, याला कागदोपत्री पुरावा नाही. पुरावा सापडला असता तर तिची आज्ञा पाळली गेली नाही असाच त्याचा अर्थ झाला असता. म्हणून या चरित्राचा मी एवढाच उपयोग करते : जोखीम कुणाची होती हे ओळखण्यापुरता. पत्र मिळणाऱ्या पुरुषाकडे आनंद होता. लिहिणाऱ्या बाईकडे धोका होता. ‘व्हेलेला’ या एका शब्दात ती स्वतःचं रक्षण करते. पूर्ण कवितेत ती ‘ती’ म्हणून फक्त इथे येते, आणि येते ती हुकूम देणारी म्हणून. मी तिचा हुकूम ‘इच्छा’ केला, तेव्हा तिचा कवितेतला एकमेव अधिकार काढून घेतला होता.

इथे मला आपल्याकडची एक नज़्म आठवल्याशिवाय राहत नाही. राजेंद्रनाथ रहबर यांची ती नज़्म जगजितसिंह यांनी ‘अर्थ’ (1982) या चित्रपटात गायली आणि ती देशभर पोचली. उर्दू न वाचणाऱ्यांनाही ती पाठ असते. तिथेही पत्रं तिची आहेत. लोकांच्या नजरा चुकवून, वर्षानुवर्षं, दिवसा आणि रात्री उठून लिहिलेली. तिथेही ती आता नाहीशी करायची आहेत. पण नायक जाळायला धजत नाही. जाळू कशी, हाच त्याचा पुन्हा पुन्हा येणारा सवाल आहे. शेवटी तो ती गंगेत सोडून येतो, आणि वाहत्या पाण्याला आपण आग लावून आलो असं त्याला वाटतं.

या दोन कविता शेजारी ठेवल्या की त्यांच्यातलं अंतर दिसतं. रहबर यांच्या नज़्मेत जाळायचं की नाही हा त्याचा स्वतःचा प्रश्न आहे. तिने काही सांगितल्याचं आपल्याला कळत नाही. तिने घेतलेली जोखीम त्याला जाणवते, तिच्याविषयी त्याला अपार हळवेपण आहे, पण निर्णय त्याचा. पुश्किनमध्ये निर्णय तिचा आणि हात त्याचा. आणखी एक. गंगेत सोडलेलं परत मागायचं नसतं. विसर्जनाचा अर्थच तो. आपल्या मनात जाळणं आणि वाहवणं ही एकाच विधीची दोन पावलं आहेत : आधी अग्नी, मग पाणी. रहबर पहिलं पाऊल वगळून थेट दुसऱ्यावर जातात, आणि म्हणूनच आग पाण्यात शिरते. ती प्रतिमा भारतीय श्रोत्याला समजावून सांगावी लागत नाही. पुश्किनच्या कवितेत दुसरं पाऊल नाहीच. राख वाहवायची नाही, छातीवर ठेवायची. आपल्याकडे राख घरात ठेवत नाहीत. मयताचं कार्डसुद्धा वाचून फाडून टाकायची पद्धत होती. मला सोळावी ओळ का सुचली, याचं एक कारण इथे असावं. राख हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तसाच सोडून येणं मला जमलं नाही. त्याला कुठेतरी पोचवायचं होतं.

मग प्रश्न येतो त्या राखेला मराठीत काय म्हणायचं याचा. त्यासाठी आणखी एका रशियन कवितेकडे जावं लागेल. फ्योदर त्युत्चेव्ह हा पुश्किनहून चारच वर्षांनी लहान. त्याची 1858 सालची एक कविता आहे. एक बाई जमिनीवर बसून पत्रांचा ढीग निवडते आहे. एकेक पत्र उचलते आणि बाजूला टाकते, थंड झालेल्या राखेसारखं. ओळखीच्या त्या पानांकडे ती अनोळखी नजरेने पाहते, जसा आत्मा आपण सोडलेल्या देहाकडे वरून पाहत असेल. पुरुष बाजूला उभा आहे, गप्प, गुडघे टेकायच्या बेतात. ही बाई म्हणजे त्युत्चेव्हची पत्नी एर्नेस्टीना, असं सहसा मानलं जातं. त्याचं दुसरीवर असलेलं प्रेम तोवर जगजाहीर झालं होतं.

या कवितेत आग पेटत नाही. तरी राख आहे, उपमेत. आणि तिच्यासाठी त्युत्चेव्हने वापरलेला शब्द ‘ज़ला’ हा आहे. पुश्किनचा शब्द ‘पेपेल’. दोन्हींचा अर्थ कोशात राख. पण ज़ला ही चुलीतली, शेगडीतली राख. सकाळी काढून टाकायची, भांडी घासायची, बागेत घालायची. पेपेल ही एखाद्या विशिष्ट वस्तूची उरलेली राख. शहराची, ज्वालामुखीची, पूर्वी माणसाच्या देहाचीही. एकीत ऊब होऊन गेली आहे, दुसरीत कुणीतरी होतं. त्युत्चेव्हच्या बाईला पत्रं ज़लासारखी वाटतात, यात तिचं सगळं दुःख आलं : ज्यात कुणीतरी होतं त्याची तिच्यासाठी घरगुती राख झाली आहे. पुश्किनचा माणूस पेपेलला ‘लाडकी’ म्हणतो. एका कवितेत पत्र जळण्याआधीच राख झालं आहे, दुसरीत जळल्यावरही ते पत्रच आहे.

मराठीत आपल्याकडेही असे शब्द आहेत. चुलीतली ती राख. चितेतली ती रक्षा, जी तिसऱ्या दिवशी सावडायची असते. देवाची ती विभूती किंवा अंगारा. पेपेलसाठी ‘रक्षा’ हा शब्द डोळे मिटून घ्यावा असा आहे, आणि पहिल्या अनुवादात मी तो घेतला. त्याला दुसरा अर्थही आहे, संरक्षणाचा. पुश्किनने त्याच 1825 साली आपलं रक्षण करायला एका ताईताला विनवणारी कविता लिहिली आहे, आणि ती सहसा त्याच अंगठीशी जोडली जाते. सगळे धागे जुळत होते. शिवाय ‘गळ्यातला ताईत’ हा आपला वाक्प्रचार, ताईतात मंत्र लिहिलेला कागद ठेवायची आपली पद्धत, छातीवर टेकणारी ती लहानशी पेटी. पुश्किनच्या रशियन वाचकाला इथे लॉकेट दिसलं असेल, ज्यात प्रिय माणसाचे केस ठेवत. मराठी वाचकाला ताईत दिसावा, असा मोह कुणालाही होईल.

या मोहापासून आता मी लांब राहते, आणि त्याचं कारण सांगायला हवं, कारण भारतीय भाषांमधल्या अनुवादकांना हा खड्डा वारंवार लागतो. या कवितेत ज्वाळा पानं ‘स्वीकारते’, तिथलं क्रियापद धार्मिक वळणाचं आहे. धूर प्रार्थनेसोबत वर जातो. ‘झालं’ या अर्थाचा जो उद्गार आहे तो ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या शेवटच्या उद्गाराची आठवण करून देणारा आहे. म्हणजे विधीचं वातावरण मुळातच आहे. आपण त्यावर ज्वाळेला ‘आहुती’, राखेला ‘रक्षा’, छातीला ‘ताईत’ अशी भर घातली की सगळं फार सहज आपलं होतं. यज्ञ पुरा होतो. विधीचा गुणच असा की तो माणसाला शेवटापर्यंत नेतो, पुढचं पाऊल सांगतो, मोकळं करतो. ‘रक्षा’ म्हटलं की मराठी वाचकाच्या मनात तिसरा दिवस उगवतो, नदी येते, विसर्जन येतं. शब्दच कवितेला घाटावर घेऊन जातो. पुश्किनच्या माणसाकडे विधीची भाषा आहे, पण त्याला पुढचं पाऊल सांगणारं कुणी नाही. मी रक्षा लिहिलं तेव्हाच सोळाव्या ओळीची सोय करून ठेवली होती.

म्हणून आता मी साधा ‘राख’ हा शब्द घेते. यात तोटा आहे. ज़ला आणि पेपेल यांतला फरक जातो. चुलीचा वास येतो. पण एक गोष्ट मिळते, जी मला बरेच दिवस दिसलीच नव्हती. मराठीत ‘राख’ हे राखणे या क्रियापदाचं आज्ञार्थी रूपही आहे. ठेव, सांभाळ, जप. रक्षा या संस्कृत शब्दात जे दोन अर्थ आहेत ते घासून गुळगुळीत झालेल्या मराठी शब्दातही तसेच उरले आहेत, फक्त विधीचे कपडे उतरवून. ज्या कवितेत एकीने नष्ट कर म्हणून सांगितलं आहे, तिच्या शेवटी हा शब्द आपल्या बळावर दुसरी आज्ञा देतो. रशियन मुळात हा श्लेष नाही. तो मी अधोरेखित करणार नाही, त्याच्यावर ओळ रचणार नाही. ज्याला ऐकू येईल त्याला येईल.

आता त्या पंधराव्या ओळीकडे. कवितेचं वृत्त लांब ओळीचं आहे, सहा आघातांचं, फ्रेंच शोकांतिकांकडून रशियनमध्ये आलेलं, भारदस्त. यमकं जोडीजोडीने येतात, आणि जोड्यांचाही क्रम ठरलेला : एका जोडीत ओळीचा शेवट आघात नसलेल्या अवयवावर, पुढच्या जोडीत आघात असलेल्या अवयवावर, मग पुन्हा पहिल्यासारखं. अशा सात जोड्या होतात. आठवी जोडी आघाताने संपणारी हवी. तिची पहिली ओळ येते, नियमाप्रमाणे आघातावर संपते, छाती या अर्थाच्या शब्दावर. त्यापुढे तीन टिंबं. जोडीदार ओळ येत नाही.

ज्याचा कान या वृत्तावर तयार झाला आहे त्याला इथे पायरी चुकल्यासारखं होतं. आपल्याकडच्या वाचकाने असं समजावं : मुशायऱ्यात शायराने शेराचा पहिला मिसरा म्हटला, लोकांनी तो उचलून धरला, दुसऱ्याची वाट पाहत राहिले, आणि शायर उठून गेला. हे चुकून झालेलं नाही. पुश्किनला अशी तुटलेली अखेर आवडायची. 1824ची त्याची एक प्रेमकविता एका शर्तीच्या वाक्याला सुरुवात करून तिथेच थांबते. वाक्यात काय येणार होतं ते वाचकाने मत्सराने भरलेल्या मनाने स्वतः भरायचं असतं.

पण ‘जाळलेल्या पत्रा’त तुटण्याची जागा आणखी नेमकी आहे. अकराव्या ओळीत तो ‘झालं’ म्हणतो. आज्ञा तिथे पाळली गेली. पत्र उरलं नाही. कविता तिथे संपायला हरकत नव्हती. त्यानंतर चार ओळी येतात, आणि त्या आज्ञेत नसलेल्या गोष्टीच्या आहेत. अक्षरं पांढुरकी होऊन दिसतात. हे कवीच्या मनाचे खेळ नव्हेत. त्या काळची शाई माजूफळ आणि हिराकस यांची. कागद जळून काळा झाला तरी शाईतलं लोह जळत नाही, आणि राख फुंकरीने मोडेपर्यंत अक्षरांची रेघ फिकी दिसत राहते. म्हणजे आगीने पत्राचा रंग उलटा केला : पांढऱ्यावर काळं होतं ते काळ्यावर पांढरं झालं. त्या अक्षरांना लावलेलं विशेषणही ‘ज़वेत’ या शब्दावरून आलेलं आहे, ज्याचे अर्थ वचन, करार, आणि मागे राहिलेल्यांना दिलेली आज्ञा. तिच्या अक्षरांतच तिची आज्ञा आहे, आणि आज्ञा पाळल्यावरही ती अक्षरं आहेत.

पहिल्या ओळीत ज्याला तो निरोप देतो त्यालाच शेवटच्या ओळीत तो थांब म्हणतो. पत्राला ‘जा’, राखेला ‘राहा’. तिने पत्र जाळायला सांगितलं होतं. राखेविषयी ती काही बोलली नव्हती. हुकुमाच्या शब्दाला जागून, त्याच्या पलीकडे जे उरतं तेवढंच तो स्वतःसाठी मागतो. मागतो, आणि उत्तर येत नाही. यमक म्हणजे उत्तरच असतं. पहिली ओळ बोलते, दुसरी तिला प्रतिसाद देते. तिचं पत्र जळाल्यावर या माणसाला प्रतिसाद द्यायला कुणी नाही, आणि हे कविता शब्दांत सांगत नाही, एक ओळ न लिहून सांगते. माझ्या सोळाव्या ओळीने त्याला उत्तर दिलं. आठवण विझत नाही, असं सांगून त्याचं सांत्वन केलं. कवितेत त्याला एकटं ठेवणारी जी एकच जागा होती ती मी भरून टाकली.

एक शंका उरते, आणि ती टाळून चालणार नाही. पत्र जाळलं हे खरं, पण त्यावर कविता लिहिली, आणि ती 1826 सालच्या संग्रहात छापलीही. मग आज्ञा पाळली असं कसं म्हणायचं? मला वाटतं, कवितेत काय नाही हे पाहावं. पत्रावर लाख होती, पानं एकाहून जास्त होती, अक्षरं दिसली, हे सगळं कळतं. पत्रातला एक शब्दही कळत नाही. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. राखेवर अक्षरं उमटलेली असताना, आपल्या डोळ्यांदेखत, तो ती आपल्याला वाचून दाखवत नाही. प्लाथच्या कवितेत आग एक नाव उघडं करते. इथे आग आणि कवी दोघं मिळून ते झाकतात. आज कवींची, लेखकांची खाजगी पत्रं छापण्याची घाई सगळ्याच भाषांत आहे, आणि मीही अशी पुस्तकं आवडीने वाचते. ज्यांनी लिहिली त्यांनी काय सांगितलं होतं, हा प्रश्न त्यांच्या प्रस्तावनांत क्वचितच भेटतो.

त्या वर्षाच्या अखेरीस पीटर्सबर्गमध्ये डिसेंबरचा उठाव झाला, मित्र पकडले गेले, आणि पुश्किनला आपल्या आठवणींच्या वह्या जाळाव्या लागल्या. दुसऱ्या कुणाला त्रास होऊ नये म्हणून. ते त्याने पुढे गद्यात, कोरडेपणाने नोंदवलं आहे. त्या आगीवर कविता नाही. तिथे त्याला कुणी प्रेमाने सांगितलेलं नव्हतं.

नवा अनुवाद आता पूर्ण आहे. शीर्षक ‘जाळलेलं पत्र’. पहिल्या ओळीत ‘तिने सांगितलं’. शेवटी राख. पंधरा ओळी. जुन्या संपादकांकडेच तो पाठवला, आणि सोबतच्या पत्रात लिहिलं की शेवटची ओळ एकटी आहे, ती तशीच छापावी, खाली एका ओळीची जागा मोकळी सोडावी. त्यांचं उत्तर आलं. मागच्या वेळची सोळावी ओळ चांगली होती, ती का काढली, असं त्यांनी विचारलं आहे.